बेल्लेचा न्यायाधीश आणि माझी मे महिन्याची सुट्टी

प्रथम वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी सुट्टीत वाचायला म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून तीन पुस्तके घेतली. दोन अभ्यासाची होती. तिसरे चुकून घेतले. तत्त्वज्ञानाच्या कपाटात ते उभे होते आणि त्याच्या पाठीवर 'द फिलॉसॉफर इन द किचन' असे छापले होते. मला त्यातला 'फिलॉसॉफर' तेवढा दिसला. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल असा विचार करून मी ते पिशवीत टाकले आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावाची एस. टी. पकडली.

घरी येऊन उघडले तर आत स्वयंपाक! भाजलेली टर्की, तळलेले मासे, कॉफी, चॉकलेट, वाइन. खरे सांगते, मला हसू आले नाही, राग आला. वाचकहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दादा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जातात आणि आई उन्हाळाभर बेदाणा निवडायला जाते. मी पहाटे उठून अभ्यास केला तो चुलीपासून लांब जाण्यासाठी. आणि कॉलेजच्या ग्रंथालयाने माझ्या हातात पुन्हा चूलच ठेवली होती.

त्यात भर म्हणून त्याच मे महिन्यात माझ्यासाठी एक स्थळ आले होते. पाहुणे महिनाअखेरीस बघायला येणार होते. आत्याचे म्हणणे, पोरगी नुसती पुस्तकात डोके घालून बसते, हाताला पुरणपोळी येत नाही. आईने मला शिकवायला घेतले आणि मी साफ नकार दिला. मग आमचे बोलणेच बंद झाले. अशा त्या कोंडलेल्या दुपारी दुसरे काही नव्हते म्हणून मी हे पुस्तक शब्दकोश जवळ घेऊन वाचू लागले. आज मी त्या पुस्तकाच्या लेखकाचे चरित्र सांगणार आहे. पाककृती सांगणार नाही, कारण त्याच्या पुस्तकातही त्या फार थोड्या आहेत. 'रुचिरा'सारखे ते पुस्तक नव्हे.

लेखकाचे नाव झाँ आंतेल्म ब्रिया-सावारँ. मी सुट्टीभर त्याला 'ब्रिलॅट-सावरिन' म्हणत होते. खरा उच्चार आमच्या इंग्रजीच्या सरांनी जूनमध्ये सांगितला. त्याचा जन्म 1755 सालच्या एप्रिल महिन्यात फ्रान्सच्या पूर्व भागातल्या बेल्ले या लहानशा गावी झाला. ऱ्होन नदीच्या जवळचा, आल्प्सच्या पायथ्याकडचा हा प्रदेश. त्याला ब्यूजे म्हणतात. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, रानात शिकार, तळ्यांत मासे. घराण्यात वकिली पिढीजात होती. आईचे नाव क्लोदीन-ओरोर. ती हाताची मोठी सुगरण असावी, कारण शिकारीचे मांस भरून केलेल्या उशीच्या आकाराच्या एका मोठ्या पदार्थाला त्या भागात 'सुंदर ओरोरची उशी' असे तिच्याच नावाने ओळखतात. मुलगा पुस्तकामुळे जगाला माहीत झाला आणि आई एका पदार्थामुळे. हे वाचले तेव्हा मी थोडी थांबले, पण अजून माझा राग गेला नव्हता.

ब्रिया-सावारँ दिजाँ या शहरात कायदा शिकला. त्याबरोबर त्याने रसायनशास्त्र आणि वैद्यक यांच्या व्याख्यानांनाही हजेरी लावली. मग गावी येऊन त्याने वकिली सुरू केली. व्हायोलिन चांगले वाजवी, शिकारीची आवड, बोलका स्वभाव. त्याने लग्न केले नाही. सारे आयुष्य असेच सुखात गेले असते तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. पण 1789 साल उजाडले आणि फ्रान्समध्ये क्रांतीचे वारे सुटले.

राजाने बोलावलेल्या महासभेत सामान्य जनतेचा प्रतिनिधी म्हणून बेल्लेने त्यालाच निवडून पाठवले. वय चौतीस. त्या महासभेचीच पुढे राष्ट्रीय संविधान सभा झाली. तिथल्या त्याच्या भाषणांपैकी एक लक्षात राहण्यासारखे आहे. देहदंडाची शिक्षा रद्द करावी असा विचार पुढे आला, तेव्हा ती रद्द करू नये असे तो बोलला. पुढे अवघ्या दोन-अडीच वर्षांत त्याचीच मान त्या शिक्षेखाली येण्याची वेळ आली! इतिहासाचा हा क्रूर विनोद त्याला स्वतःला किती बोचला असेल कोण जाणे.

सभा संपल्यावर तो आपल्या भागात परतला. तिथल्या दिवाणी न्यायालयाचा अध्यक्ष झाला, बेल्लेचा नगराध्यक्षही झाला. पण तो मवाळ वृत्तीचा होता. 1793 साली पॅरिसमध्ये जहालांची सत्ता आली आणि मवाळ माणसाला जगणे कठीण झाले. ज्याच्यावर संशय, तो तुरुंगात. तुरुंगातून पुढची वाट बहुधा गिलोटिनकडेच जाई. ब्रिया-सावारँवरही संशय होता.

आता जी हकीकत सांगते ती त्याने स्वतः पुस्तकात लिहून ठेवली आहे. आपल्याला अटकेपासून वाचवणारा परवाना मिळावा म्हणून तो घोड्यावर बसून दोल या गावी निघाला. तिथे प्रो नावाचा सरकारी प्रतिनिधी होता आणि माणसाचे मरण-जगणे त्याच्या सहीवर अवलंबून होते. वाटेत एका खाणावळीत ब्रिया-सावारँ थांबला. चुलीवर सळईला लावून पाखरे आणि ससा भाजत होते. ते जेवण काही वकील मंडळींनी आपल्यासाठी सांगितलेले होते. याने त्यांच्यात जागा मागून घेतली आणि पोटभर, आनंदाने जेवला. ज्याच्या मानेवर सुरी टांगलेली आहे तो माणूस असा जेवू शकतो! पुढे दोलला प्रोने त्याचे काही चांगले स्वागत केले नाही. तो गप्प आणि संशयी होता. पण प्रोच्या बायकोला संगीताचे वेड होते. रात्री जेवणानंतर संगीताच्या गप्पा निघाल्या आणि दोघांनी मिळून गाणीही म्हटली. त्या बाईला वाटले, ज्याला कलेची अशी ओढ आहे तो माणूस देशद्रोही कसा असेल? तिने शब्द टाकला आणि दुसऱ्या दिवशी परवान्यावर सही झाली.

ही हकीकत वाचून झाली त्या रात्री वीज गेली होती. आई अंगणात बेदाण्याने चिकटलेले हात धुऊन बसली होती. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. अबोला विसरून मी ती गोष्ट आईला सांगून टाकली. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले की त्या खाणावळीत स्वयंपाक कोणी केला होता. मी पुस्तक चाळून पाहिले. ते काही नीट कळेना. आई म्हणाली, असेल कोणी बाई. आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बेदाणा निवडायला गेले. शेडमध्ये पाच-सहा जणी ढीग पुढ्यात घेऊन बसतात. काडी वेगळी, काळा मणी वेगळा, चांगला मणी वेगळा. आईने त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितले की हिला एका साहेबाची गोष्ट येते. मग काय, रोज एक भाग सांगायचे काम माझ्याकडे आले. मी रात्री वाचायची आणि दुपारी सांगायची.

तर पुढची गोष्ट अशी. परवाना मिळाला तरी धोका टळला नव्हता. 1793 च्या अखेरीस ब्रिया-सावारँने देश सोडला. आधी तो स्वित्झर्लंडला गेला. लोझानच्या एका खानावळीत थोड्या पैशांत किती उत्तम जेवण आणि चांगली पांढरी वाइन मिळे, हे त्याने परागंदा अवस्थेतही बारकाईने टिपून ठेवले. तिथून हॉलंड, आणि हॉलंडहून जहाजाने अमेरिका. अमेरिका स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. न्यूयॉर्कमध्ये या माजी नगराध्यक्षाला आणि न्यायाधीशाला कोण ओळखणार? त्याने दोन उद्योगांवर पोट भरले. दिवसा लोकांना फ्रेंच शिकवायचे आणि रात्री नाटकगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे. हौस म्हणून शिकलेली विद्या अशी कामाला आली. याबद्दल पुस्तकात कुठे रडगाणे नाही.

तिकडची एक गोष्ट शेडमधल्या बायकांना फार आवडली. 1794 च्या ऑक्टोबरात तो कनेक्टिकट प्रांतात हार्टफर्डजवळ ब्यूलो नावाच्या शेतकऱ्याकडे शिकारीला गेला. शेतकऱ्याला चार मुली. जेवायला खारवलेले गोमांस, हंस, मटण, ताज्या भाज्या आणि सफरचंदाचे पेय. दुसऱ्या दिवशी ब्रिया-सावारँने रानटर्की मारली. निघताना त्या शेतकऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितले की मी सुखी माणूस आहे. जे दिसते ते सारे माझ्या शेतातले. अंगावरचे कपडे माझ्या मेंढ्यांच्या लोकरीचे, पायमोजे मुलींनी विणलेले, कर हलके, दाराला कुलूप नाही. ब्रिया-सावारँ परत निघाला तो अगदी विचारात बुडालेला. वाचणाऱ्याला वाटेल, तो त्या शेतकऱ्याच्या बोलण्यावर विचार करत असेल. पण तो विचार करत होता, ही टर्की कशी शिजवावी आणि हार्टफर्डमध्ये लागणारे सगळे जिन्नस मिळतील का!

बायका खो खो हसल्या. पण त्यांतली एक वयस्कर मावशी हसली नाही. तिचे म्हणणे पडले की त्याला घर आठवत होतेच, म्हणून तर तो टर्कीचा विचार करत होता. मी ही गोष्ट दोनदा वाचली होती, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते.

अमेरिकेत आणखी एक प्रसंग घडला. बॉस्टनमध्ये ज्युलियाँ नावाचा एक फ्रेंच खाणावळवाला होता. ब्रिया-सावारँने त्याला चीज घालून अंडी करण्याची आपल्याकडची पद्धत शिकवली. पदार्थ गिऱ्हाइकांना इतका आवडला की ज्युलियाँने कृतज्ञतेने कॅनडातल्या हरणाचे मांस न्यूयॉर्कला त्याच्याकडे पाठवून दिले. त्याच काळात लंडनमध्ये दाल्बिन्याक नावाचा एक निर्वासित फ्रेंच सरदार होता. तो श्रीमंतांच्या घरी जाऊन कोशिंबिरीला फोडणी द्यावी तशी सॅलड कालवून देत असे. त्या एका कौशल्यावर त्याने चांगला पैसा केला आणि तो घेऊन मायदेशी परतला. हीसुद्धा गोष्ट ब्रिया-सावारँनेच लिहून ठेवली आहे. जहागिरी गेली, पदवी गेली, तरी जिभेला जे कळत होते ते कोणाला जप्त करता आले नाही.

जहालांची सत्ता कोसळली आणि सुमारे तीन वर्षांनी ब्रिया-सावारँ फ्रान्सला परतला. पण त्याची मालमत्ता गेली होती. आवडता द्राक्षमळा सरकारने जप्त करून विकून टाकला होता. द्राक्षबाग म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावे लागत नाही. दादांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. आमची बाग नाही, कधीच नव्हती. पण दुसऱ्याच्या बागेवरही माणसाचा जीव बसतो. गारपिटीत बाग झोपली की मालकाइतकेच दादाही त्या दिवशी जेवत नाहीत.

पुढे काही काळ त्याने सैन्याच्या कचेरीत काम केले आणि 1800 साली पॅरिसच्या सर्वोच्च अपील न्यायालयात त्याची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. हे पद त्याच्याकडे मरेपर्यंत, म्हणजे पाव शतक राहिले. नेपोलियन सम्राट झाला, पडला, पुन्हा आला, पुन्हा पडला. जुने राजघराणे परत आले. हा मात्र आपल्या खुर्चीवर बसून निवाडे देत राहिला. कोणी याला संधिसाधूपणाही म्हणेल. मला वाटते, एकदा सारे गमावलेल्या माणसाने पुन्हा वादळात उभे राहायचे नाही असे ठरवले असावे. त्याने द्वंद्वयुद्धावर एक ऐतिहासिक निबंध लिहिला. पण त्याची खरी वही वेगळीच होती. तीत तो वर्षानुवर्षे खाण्यापिण्याविषयीची टिपणे करत होता.

या वहीतूनच ते पुस्तक झाले. फ्रेंचमध्ये त्याचे नाव 'फिझिओलॉजी द्यु गू', म्हणजे चवीचे शरीरशास्त्र. प्रकरणांना त्याने चिंतने म्हटले आहे आणि अशी तीस चिंतने आहेत. चव म्हणजे काय, भूक कशी लागते, तहान किती प्रकारची, झोप आणि स्वप्ने यांचा खाण्याशी काय संबंध, माणूस जाड का होतो, उपवास, थकवा, मृत्यू, खाणावळींचा इतिहास, असे कितीतरी विषय. वाइनवरही तो लिहितो. पण वाइन म्हणजे बेहोशी नव्हे, हे त्याने पुस्तकाच्या आरंभीच्या सूत्रांतच बजावले आहे. ज्याला अजीर्ण होते किंवा जो झिंगतो, त्याला खाता-पिता येत नाही असे त्याचे मत. आमच्या गल्लीत दारू म्हटले की वेगळेच चित्र डोळ्यांपुढे येते. काही घरांतली भांडीसुद्धा तिने विकायला लावली. त्यामुळे हे मत मी शेडमध्ये सांगितले तेव्हा बायकांनी माना डोलावल्या, पण विश्वास कोणीच ठेवला नाही.

पुस्तकातले दोन भाग मात्र आमच्या घरात अगदी गाजले. एक कॉफीचा. कॉफी दळावी की कुटावी, हा वाद मिटवण्यासाठी न्यायाधीशमहाशयांनी प्रयोग केला. उत्तम कॉफी भाजून तिचे दोन सारखे भाग केले, एक दळला, एक खलात कुटला. दोन्हींची कॉफी करून स्वतः चाखली आणि जाणकारांनाही चाखायला दिली. सर्वांनी कुटलेलीच चांगली ठरवली. हे मी वाचले त्याच आठवड्यात आई वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणत होती. मिक्सरची चटणी आणि डंकाची चटणी यांत फरक असतो हे ती मला कित्येक वर्षे सांगत होती आणि मी तो अडाणीपणा समजत होते. आता पॅरिसच्या न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला होता.

दुसरा भाग तळणीचा. आपल्या आचाऱ्याला समोर बसवून त्याने तळण्याचे शास्त्र समजावले आहे. तेल पुरेसे तापलेले असेल तर पदार्थ आत पडताच त्याच्यावर कवच धरते, आतला रस आतच राहतो आणि तेल आत शिरत नाही. तेल तापले का हे पाहायला पावाची बोटभर कांडी काही सेकंद आत धरावी. ती कडक होऊन रंगली की पदार्थ सोडावा. मी हे मोठ्या तोऱ्यात आईला वाचून दाखवले. आई उठली, कढई ठेवली आणि पिठाचा एक थेंब तेलात सोडला. थेंब तळाशी बसला. तिने थांबायला सांगितले. थोड्या वेळाने दुसरा थेंब सोडला. तो चर्र करून वर आला. मग तिने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. सहीसुद्धा कष्टाने करणाऱ्या माझ्या आईला त्या चिंतनातले सगळे ठाऊक होते. फरक एवढाच की तिचे कोणी लिहून घेतले नव्हते.

पुस्तक छापावे की नाही याबद्दल ब्रिया-सावारँ फार धास्तावलेला होता. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने आपला आणि एका मित्राचा संवादच दिला आहे. मित्र छाप म्हणतो आणि हा घाबरतो. गंभीर न्यायासनावर बसणारा माणूस खाण्यापिण्याच्या गप्पा लिहितो म्हटल्यावर नुसते नाव वाचणारे लोक काय म्हणतील, ही त्याची भीती. मलाही तीच भीती होती, फक्त उलट बाजूने! कॉलेजात शिकणारी मुलगी स्वयंपाकाचे पुस्तक वाचते म्हटल्यावर मैत्रिणी काय म्हणतील? त्याने शेवटी तोडगा काढला. डिसेंबर 1825 मध्ये स्वतःच्या खर्चाने, दोन खंडांत, नाव न घालता पुस्तक छापले. लोकांनी ते उचलून धरले आणि लेखक कोण हे फार काळ लपले नाही.

पण हे यश पाहायला त्याच्याजवळ वेळ नव्हता. 21 जानेवारी 1826 रोजी गिलोटिनवर गेलेल्या सोळाव्या लुईच्या स्मरणार्थ पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये प्रार्थना होती. न्यायाधीश म्हणून त्याला जावे लागले. आधीच सर्दी झालेली, त्यात ते थंडगार चर्च. न्यूमोनिया झाला आणि 2 फेब्रुवारी 1826 रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी तो वारला. ज्या राजाच्या काळात तो निवडून आला होता, त्याच राजाच्या स्मृतीने त्याचा शेवट झाला. पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत त्याला पुरले. पुढे बाल्झाकसारख्या मोठ्या कादंबरीकाराने त्याचे चरित्र लिहिले. आज एका केकला आणि एका मऊ चीजला त्याचे नाव आहे.

मृत्यूबद्दलच्या चिंतनात त्याने आपल्या एका म्हाताऱ्या आजीची, म्हणजे वडीलधाऱ्या नात्यातल्या बाईची गोष्ट लिहिली आहे. वय त्र्याण्णव. अखेरच्या घटकेला त्याने तिला आपली जुनी, उत्तम वाइन पाजली. तिने ती मनापासून घेतली आणि त्याला सांगितले की तू माझ्या वयाचा झालास म्हणजे तुला कळेल, झोप हवीशी वाटते तसे मरणही हवेसे वाटू लागते. अर्ध्या तासाने ती गेली. माझी आजी गेली तेव्हा आईने तिच्या तोंडात गूळ-पाण्याचा चमचा घातला होता, हे मला आठवले. मी ती गोष्ट शेडमध्ये सांगितली नाही.

आता एक गोष्ट न सांगता पुढे गेले तर लेख अपुरा राहील. या पुस्तकात एक ठिकाण असे आहे की तिथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. पाहुण्यांच्या रसिकतेची परीक्षा घेण्यासाठी त्याने पदार्थांच्या तीन याद्या दिल्या आहेत, यजमानाच्या उत्पन्नाप्रमाणे. पाच हजार फ्रँकवाल्याने चेस्टनट भरलेली टर्की आणि पुष्ट कबुतरे वाढावीत. पंधरा हजारवाल्याची यादी त्याहून वरची. तीस हजारवाल्याकडे ट्रफल भरलेली कोंबडी, ऱ्हाइन नदीतला मोठा मासा, हंगामाआधीचा शतावरीचा कोंब. पाच हजारांच्या खाली यादीच नाही! त्या माणसांना जीभ नसते का? की त्यांच्या जिभेची परीक्षा घेण्याचे कारणच नाही? ज्याने न्यूयॉर्कमध्ये रात्री व्हायोलिन वाजवून भाकरी कमावली त्याला तरी हे सुचायला हवे होते. आणि त्याच्या रसायनशास्त्रातलेही बरेच आता मागे पडले आहे. मांसाची सारी चव 'ओस्माझोम' नावाच्या एका अर्कात असते असे तो मानी. आज आपल्याला ठाऊक आहे की तिथे अनेक द्रव्यांचे काम असते.

तरीही मी त्याचे ऋण मानते. मोठ्या हुद्द्यावरच्या, शिकलेल्या एका माणसाने आयुष्याची पंचवीस वर्षे या विषयाचा विचार केला, आणि तो विचार करण्याच्या लायकीचा आहे हे लाजत-लाजत का होईना, जगाला सांगितले. मी समजत होते, ज्ञान कॉलेजात असते आणि घरात फक्त काम असते. त्याच्या पुस्तकाने मला आमच्या कढईपर्यंत परत आणले. तिथे जे चालले होते तेही ज्ञानच होते. चौथी यादी त्याने लिहिली नाही, ती लिहायचे काम आपल्यासारख्यांचे आहे. मी सुरुवात केली आहे. एका दोनशे पानी वहीत आईची चटणी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची पोळी, बेदाणा घातलेला शिरा, असे तेरा पदार्थ झाले आहेत. प्रत्येकाखाली ती जे बोलली ते लिहिले आहे. प्रमाण विचारले की ती हाताची मूठ दाखवते, तेव्हा मूठ किती ग्रॅमची हे मी दुकानातल्या तराजूवर मोजून आणले.

पाहुणे महिनाअखेरीस आले. मी कांदाभजी तळली, थेंब सोडून, तेल तपासून. भजी चांगली झाली. त्या स्थळाचे पुढे काय झाले हे इथे महत्त्वाचे नाही. मी आज द्वितीय वर्षात बसून हा लेख लिहिते आहे, एवढे पुरे.

शेवटी ग्रंथपालांना एक नम्र कबुली. त्या पुस्तकाच्या तळणीच्या पानावर तेलाचा आणि हळदीचा एक डाग पडला आहे. तो माझ्या आईच्या बोटाचा आहे. त्या ओळी कुठल्या, हे तिने बोट ठेवून विचारले होते. दंड भरायला मी तयार आहे, पण पान बदलू नये.